लुत्फा आपांनी कापलेला मार्क

स्वरूपकाठीच्या मुलींच्या हायस्कुलात लुत्फुन्नेसा खानम चोवीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवत होत्या. एवढं लांबलचक नाव घेणार कोण? शिक्षिकांना तिथं 'आपा', म्हणजे ताई, म्हणायची रीत; सगळं गाव त्यांना लुत्फा आपा म्हणे. फ्रेज ओळखायला शिकवावं ते आपांनीच, असा त्यांचा लौकिक होता. फ्रेज म्हणजे वाक्यातला दोन-चार शब्दांचा झुबका. तो नामाचं काम करतो, विशेषणाचं करतो की क्रियाविशेषणाचं, हे ओळखायचं आणि पेपरात लिहायचं. पाच फ्रेजना पाच मार्क. आपांच्या मुली हे मार्क सहसा सोडत नसत, कारण आपांनी त्यावर एक तोडगा काढून ठेवला होता. फ्रेजच्या तोंडाशी कोणता शब्द बसलाय तेवढं बघायचं, पुढचं डोकं चालवायचं नाही. "इन, ऑन, ॲट, क्रियाविशेषण झटपट!" साठ मुली हे एका सुरात म्हणू लागल्या की शेजारच्या लाकडाच्या वखारीतले हमालही मान डोलवायचे.

आपांचे पती मुस्तफिज साहेब बाजारात होमिओपॅथीचा दवाखाना चालवत. ते गिऱ्हाइकांना सांगत, "मी मेलो तर आमची बाई आधी 'हाय हाय' म्हणेल, आणि मग म्हणेल, ही उद्गारवाचक फ्रेज झाली."

आपांना हे आवडायचं. आपल्याला आपलं काम येतं, याची त्यांना शंका नव्हती.

श्रावणात बारिशालला शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. शिकवायला रेजवान नावाचा एक किडकिडीत तरुण आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर, सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड आलेली असताना, त्यानं फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं. 'द टी इन द फ्लास्क इज कोल्ड.' फ्लास्कमधला चहा गार झालाय. मग 'इन द फ्लास्क'खाली रेघ ओढून विचारलं, "ही कोणती फ्रेज?"

सगळ्यांच्या आधी आपांचा आवाज निघाला. "क्रियाविशेषण. इन आहे ना तोंडाशी." मागच्या बाकांनी माना हलवल्या.

"बरं," रेजवान म्हणाला. "चहा गार झालाय. कोणता चहा?"

"फ्लास्कमधला."

"म्हणजे हे तीन शब्द कुणाबद्दल बोलतायत?"

"चहाबद्दल."

"आणि चहा आहे नाम. नामाबद्दल जो बोलतो त्याला काय म्हणतात, आपा?"

मागून कुणीतरी म्हणालं, "विशेषण."

रेजवाननं खाली दुसरं वाक्य लिहिलं, 'आय केप्ट द टी इन द फ्लास्क.' मी चहा फ्लास्कमध्ये ठेवला. "इथं तेच तीन शब्द 'कुठं ठेवला' ते सांगतात, म्हणून इथं क्रियाविशेषण. शब्द तेच, काम वेगळं. तोंड बघू नका, काम बघा. आपल्याकडची पोरं तोंड बघूनच मार्क घालवतात."

हॉलमध्ये हसू फुटलं. आपाही हसायला गेल्या, आणि तेवढ्यात त्यांना एक वाक्य आठवलं. 'द बोट ॲट द घाट बिलाँग्ज टु माय अंकल.' घाटावरची नाव माझ्या काकांची आहे. 'ॲट द घाट' ओळखा. हा प्रश्न बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः काढला होता. एका मुलीनं त्याचं उत्तर 'विशेषण फ्रेज' असं लिहिलं होतं, आणि आपांनी त्यावर लाल फुली मारली होती.

मुलीचं नाव बीथिका हालदार. कुरियानाच्या पेरूच्या बागांमधली. सकाळी तिचे बाबा पेरूची नाव घेऊन बाजाराला यायचे आणि वाटेत तिला शाळेच्या घाटावर उतरवायचे. दहावीची टेस्ट परीक्षा होती. या परीक्षेत नापास झालेल्या मुलीचा बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही, असा शाळेच्या कमिटीनं त्या वर्षी कडक नियम केला होता. पासाला तेहतीस मार्क हवे होते, बीथिकाला इंग्रजीच्या दुसऱ्या पेपरात बत्तीस पडले. ती पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली होती. सलवारच्या कडा ओल्या, पायांना चिखल. "आपा, घाटावर शंभर नावा असतात. त्यातली कोणती, तर घाटावरची. मग ते नावेबद्दल नाही का झालं?" असं काहीतरी म्हणाली होती. आपांनी तिला परत पाठवलं. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही.

इतकंच आपांना आठवत होतं. उरलेला दीड दिवस प्रशिक्षणात काय झालं, ते त्यांना विचारू नका.

घरी आल्यावर आपा एका जागी टिकेनात. भात चुलीवर ठेवून व्हरांड्यात जायच्या, व्हरांड्यातून परत येईपर्यंत भात खाली लागलेला. वह्या तपासायला घ्यायच्या, दोन तपासून उठायच्या. जुनी व्याकरणाची पुस्तकं काढून त्यांनी पलंगावर पसारा मांडला. एका पुस्तकात रेजवाननं सांगितलं तेच छापलं होतं, आणि त्या पानाच्या कडेला त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'महत्त्वाचं नाही.'

"जेवून घे आधी," मुस्तफिज साहेब म्हणाले.

"एका मार्कानं गेली ती पोर."

"बारा वर्षं झाली त्याला. तिला आता चार मुलं असतील. तिला काय आठवतंय तो मार्क?"

"मला आठवतोय ना."

"ही घे, चार गोळ्या. जिभेखाली ठेव."

"तुमच्या गोळ्यांनी मार्क परत येतो का?"

साहेबांनी बाटलीचं बूच लावलं. "मग जा आणि देऊन ये. पण इथं फेऱ्या घालू नकोस, मला फरशीकडे बघून गरगरतंय."

शाळेत त्यांनी हेडसर अब्दुल बातेन यांच्या कानावर घातलं. हेडसर त्यावेळी साधे शिक्षक होते, त्याच खोलीत बसत. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"आपा, हे माझ्याजवळ बोललात ते बोललात. बाहेर बोलू नका. उद्या सगळ्या गावचे आईबाप जुने पेपर घेऊन दारात उभे राहतील."

"जुने पेपर आपण जाळून टाकतो, सर."

"तेच म्हणतोय मी. जे जळलं ते जळलं. आता राख कशाला उकरता?"

आपा उठल्या. त्या दिवशी दहावीच्या वर्गात मुलींनी सवयीनं "इन, ऑन, ॲट" सुरू केलं, तेव्हा आपांनी डस्टर टेबलावर आपटलं. "बंद करा ते. ते चूक आहे. मी चूक शिकवलं." पहिल्या बाकावरच्या मुलीनं घाबरत विचारलं, "आपा, मग टेस्टमध्ये काय लिहायचं?"

शुक्रवारी सुट्टी होती. आपा सकाळीच ट्रॉलरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या नावेत, बसल्या आणि कुरियानाला उतरल्या. पेरूचा मोसम भरात होता. कालव्यात नावेला नाव लागलेली, भावावरून आरडाओरड, पेरूंच्या ढिगांतून वाट काढत जाणारे दलाल. आपांनी तीन ठिकाणी विचारलं, तेव्हा हालदारांचं घर सापडलं. अंगणात बीथिकाची आई पेरू निवडत बसली होती. शाळेतल्या आपा दारात बघून ती हात पुसत उठली, पाट मांडला, पाणी आणलं.

"बीथिका? ती इथं कुठं, आपा! लग्न होऊन दहा वर्षं झाली. अलंकारकाठीला असते, रोपवाटिका आहे त्यांची. तुमच्याच बाजूला की!"

अलंकारकाठी म्हणजे आपांच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. गेल्या वर्षी तिथूनच त्यांनी शाळेसाठी रोपं आणवली होती.

"तिचे बाबा?"

"ते गेले, पाच वर्षं झाली." म्हातारीनं चार पेरू निवडून आपांच्या पिशवीत टाकले. "तिला भेटा. खूश होईल. शाळेचं फार वेड होतं तिला. मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम म्हणाली, नाही जाणार. बापानं मारलं, तरी गेली नाही."

आपांना पाटावर बसवेना. चहा यायच्या आधीच त्या निघाल्या.

परतीच्या ट्रॉलरमध्ये त्यांनी मनात बोलण्याची जुळवाजुळव केली. मार्काचं बोलायचं, चूक कबूल करायची, जमलं तर दोन अश्रूही येतील. अलंकारकाठीला त्या पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. रोपांच्या वाफ्यांमध्ये एक सडसडीत बाई पदर खोचून उभी होती आणि एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होती. "आंब्याचं कलम म्हणून कलमच देतेय, दादा. बिया पेरून फसवायचा धंदा पलीकडच्यांचा." तिनं मान वळवली, आपांना बघितलं, आणि क्षणात ओळखलं. हसली मात्र नाही.

"आपा. बसा. त्या स्टुलावर बसा, कोरडं आहे ते."

व्यापारी जाईपर्यंत आपा बसून राहिल्या. मग त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बारिशाल, रेजवान, फ्लास्कमधला चहा, घाटावरची नाव. "तुझं बरोबर होतं, बीथिका. तो मार्क तुझा होता. तू पास होतीस."

बीथिका एका रोपाच्या बुडाशी माती दाबत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"त्या दिवशीही माहीत होतं. 'घाटावरची' म्हटल्यावर आणखी काय असणार ते? पेरूच्या बाजारात जन्म गेला माझा. कोणती नाव विचारली की आम्ही हेच सांगतो. घाटावरची, पुलाखालची, फाटक्या शिडाची."

"मग तू पुढच्या वर्षी का नाही आलीस? एक वर्ष गेलं असतं फक्त. एका मार्कासाठी..."

"मार्कासाठी?" बीथिकानं मातीचे हात झटकले. "आपा, तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नाही का?"

आपांना खरंच आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, 'पेरूवाल्याची पोर तू, मला इंग्रजी शिकवणार? जा, बापाच्या नावेत बसून पेरू मोज.' सगळी खोली हसली. हासिना आपा तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. खिडकीत वर्गातल्या मुली उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी पेरूपंडित. घाटावर उतरले की पेरूपंडित, वर्गात गेले की पेरूपंडित. आणि बाबा खाली नावेत बसलेले, त्यांनाही ऐकू जायचं. ते हसण्यावारी न्यायचे. ते मला बघवेना."

आपांच्या हातातली पिशवी घसरली आणि पेरू वाफ्यात घरंगळले. ते उचलायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. आपण असं बोललो असू, हे मानायला मन तयार नव्हतं. पण त्या वाक्याची धाटणी आपलीच आहे, हे कानाला कळत होतं. असली वाक्यं त्या रोज एखादं तरी बोलायच्या. मुली हसायच्या, वर्ग ताब्यात राहायचा.

"मी माफी मागते," त्या उभ्या राहत म्हणाल्या. "काय करू सांग. म्हणशील ते करते."

"इथं माझ्या वाफ्यात येऊन मागितलीत, इथं कोण आहे ऐकायला? दोन बकऱ्या." बीथिकाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जिथं बोललात तिथं बोला. मी येईन. गुरुवारी मला गावात कलमं पोचवायची आहेतच."

मग तिनं आपांना चहा दिला, शाळेच्या आवारातल्या शेवग्याच्या झाडाची चौकशी केली, आणि रिक्षापर्यंत सोडायलाही आली. गोड काही बोलली नाही.

गुरुवारपर्यंतचे पाच दिवस आपांनी कसे काढले ते मुस्तफिज साहेबांनाच ठाऊक. एकदा त्या म्हणाल्या, "मी बदली मागू का?" एकदा म्हणाल्या, "ताप आलाय का बघा." साहेबांनी कपाळाला हात लावून बघितलं आणि म्हणाले, "ताप नाही. भीती आहे. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही."

गुरुवारी मधल्या सुट्टीत सहा-सात शिक्षक मुरमुरे-चणे खात बसले होते. बीथिका दारात येऊन उभी राहिली. पायाला माती, हातात रिकामी टोपली. हेडसरांनी आपांकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. आपा उठल्या. त्यांनी टेबलाची कड धरली.

"ही बीथिका हालदार. बारा वर्षांपूर्वी याच खोलीत हिनं मला माझी चूक दाखवली. हिचं बरोबर होतं, माझं चूक होतं. आणि मी हिला पेरूवाल्याची पोर म्हटलं, हिच्या बापाला मध्ये आणलं. आपण सगळे हसलो. हिची शाळा त्या हसण्यानं सुटली, मार्कानं नाही. बीथिका, मी चुकले."

कुणाच्या तरी तोंडात चणा कुरकुरला. हासिना आपा म्हणाल्या, "अगं बाई, मला तर यातलं काहीच आठवत नाही."

"मला आठवतं," बीथिका म्हणाली.

हेडसरांनी घसा साफ केला. "बरं, झालं ना आता? चहा मागवा कुणीतरी." पण बीथिकाला 'बस' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आपांनी स्वतःची खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली आणि आपण भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बीथिका बसली. टोपली मांडीवर ठेवून तिनं खोली एकदा नीट बघून घेतली.

"सर," ती हेडसरांना म्हणाली, "मी आठवी पास झाल्याचा दाखला मिळेल का? बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसता येतं म्हणतात. त्याला तो लागतो."

"इतक्या वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायचं म्हणजे... पुढच्या महिन्यात ये."

"आज मिळेल," आपा म्हणाल्या. त्या तडक कारकुनाच्या खोलीत गेल्या, कपाटावरची धूळ अंगावर घेऊन रजिस्टर खाली काढलं, आणि दाखल्यावर शिक्का पडेपर्यंत कारकुनाच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. आपांनी बीथिकाला घरी येऊन शिकवायची तयारी दाखवली, ती म्हणाली, "नको आपा, माझं मी बघते." पहिल्या वेळी ती गणितात नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली, इंग्रजीत एकसष्ट. तो निकाल आपांना तिनं कळवला नाही, बाजारात तिच्या नवऱ्याकडून कळला. आपा तशाच दवाखान्यात शिरल्या आणि पेशंटच्या देखत साहेबांना म्हणाल्या, "एकसष्ट!" पेशंटला वाटलं, आपला रक्तदाब सांगतायत.

शाळेत मात्र आपांना किंमत मोजावी लागली. झटपटचा मंत्र गेल्यावर त्या वर्षीच्या दहावीचे फ्रेजचे मार्क घसरले. मुलींना काम बघून ओळखायची सवय नव्हती, आणि आपांनाही तसं शिकवायची नव्हती. दोन पालक तक्रार घेऊन आले. "गाइडात एक आणि आपांचं एक, आमच्या पोरींनी ऐकायचं कुणाचं?" नव्या वर्षी हेडसरांनी त्यांच्याकडची दहावी काढून घेतली आणि सहावी दिली. चोवीस वर्षांनी पुन्हा लहान मुलींचा गोंगाट.

त्यांचं मन पुन्हा पहिल्यासारखं निवांत काही झालं नाही. पेपर तपासताना लाल पेन उचलायचं आणि फुली मारायच्या आधी थांबायचं, पुन्हा वाचायचं, अशी सवयच लागली. तीस पेपरांना पूर्वी एक दुपार पुरायची, आता तीन पुरत नाहीत. आणि आणखी किती जणी असतील, हा प्रश्न मधूनच डोकं वर काढतो. चोवीस वर्षं, वर्षाला साठ मुली. रस्त्यात एखादी जुनी विद्यार्थिनी सलाम करते, तेव्हा आपा तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहतात.

परवा सहावीच्या वर्गात त्या फळ्यावर लिहीत होत्या. मागच्या बाकावरून मारिया नावाची एक बारकी पोर उठली आणि म्हणाली, "आपा, ते चुकलंय."

आपांची पाठ वर्गाकडे होती. जिभेवर काहीतरी आलं होतं, धारदार, ऐकून सगळा वर्ग हसला असता असं. त्यांनी ते गिळलं. मग वळल्या आणि खडू पुढे केला.

"कुठं चुकलं? इकडे ये, दाखव."

मारिया आली. तिनं दाखवलं. चूक तिचीच होती. आपांनी तिला दोनदा समजावून सांगितलं, आणि दुसऱ्यांदा तिला कळलं.